चिलखताला उजेडात आणताना

फोम, चामडे किंवा खऱ्या पोलादातून महिनोन्‌महिने खपून घडवलेले अद्भुतरम्य चिलखत बहुतेकांपर्यंत पोहोचते ते छायाचित्राच्या रूपानेच. हे छायाचित्र घरच्या घरी, बेताच्या खर्चात आणि शास्त्रशुद्ध रीतीने कसे घ्यावे, याचा हा ऊहापोह.

अद्भुतकथांतील योद्ध्यांची वेशभूषा स्वतःच्या हातांनी घडवून ती अंगावर मिरवण्याचा छंद आता आपल्याकडील महानगरांत चांगलाच रुजला आहे. 'कॉस्प्ले' हा शब्द १९८० च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. भारतात पहिले कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत भरले आणि पुढे मुंबईतही त्याचे मेळावे होऊ लागले. या मेळाव्यांत छातीवर ड्रॅगनची मुद्रा, खांद्यावर पिसांसारख्या एकावर एक रचलेल्या पट्ट्या आणि डोईवर शिंगांचे शिरस्त्राण अशा थाटात वावरणारी तरुण मंडळी आपण पाहतो. यातील बरीचशी चिलखते व्यायामशाळेतील गाद्या आणि चपलांचे तळवे ज्या पदार्थापासून बनतात, त्याच ईव्हीए फोमची असतात. काही कारागीर चामड्यात काम करतात, तर मोजके हौशी खरा पत्रा ठोकून त्याला आकार देतात.

असे एखादे पूर्ण चिलखत घडवायला तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळी सहज खर्ची पडतात. त्या मानाने त्याचे आयुष्य मात्र अल्प असते. सांध्यांजवळचा रंग तडकतो, उन्हाळ्यात गोंद सुटतो, पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी धरते. मागे उरते ते छायाचित्र. शिवाय स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतील परीक्षक असोत किंवा परगावाहून मागणी नोंदवू पाहणारा ग्राहक असो, त्यांच्यासमोर चिलखत नसतेच, केवळ त्याचे चित्र असते. ते चित्र जर ट्यूबलाइटखाली, कपाटासमोर घाईने काढलेले असेल, तर चार महिन्यांची कारागिरी चंदेरी कागदात गुंडाळलेल्या खेळण्यासारखी दिसते. अशा वेळी दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि महागड्या कॅमेऱ्याची स्वप्ने पाहिली जातात. वास्तविक उणीव असते ती प्रकाशाच्या मांडणीची.

धातू हा आरसाच

कापड, लाकूड किंवा माती यांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. त्यामुळे दिवा कोठेही ठेवला तरी ती वस्तू बऱ्यापैकी दिसते. चकाकत्या धातूचे तसे नाही. त्यावरून प्रकाश ज्या कोनातून येतो, त्याच कोनातून पलीकडे परततो. शाळेत शिकलेला परावर्तनाचा हा नियम चिलखताच्या छायाचित्रणाचा पाया आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की धातूला स्वतःचे असे रूप जवळजवळ नसते आणि भोवताली जे असेल तेच त्याच्या अंगावर उमटते. आपण चिलखताचे छायाचित्र घेतो आहोत असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात त्यात उमटलेल्या आपल्या खोलीचे घेत असतो. पिवळी भिंत, खिडकीची जाळी, पंखा, इतकेच काय, कॅमेरा धरून उभे असलेले आपण, सारे त्या चित्रात येतात.

छातीचा पत्रा बहिर्वक्र असल्याने अडचण आणखी वाढते. सपाट आरशात खोलीचा एखादाच भाग दिसतो, पण फुगीर पृष्ठभागात जवळजवळ संपूर्ण खोली सामावते. म्हणून एखादा प्रखर दिवा समोर ठेवला तर पत्र्यावर एकच पांढरा ठिपका चमकतो आणि उरलेला पत्रा काळा पडतो. यावरचा उपाय म्हणजे धातूला पाहण्यासारखे काहीतरी मोठे आणि उजळ देणे. दिव्यापुढे भला मोठा पांढरा पडदा धरला की पत्र्यात ठिपक्याऐवजी त्या पडद्याचे प्रतिबिंब पडते आणि कडेकडे विरत जाणारी रुपेरी झळाळी तयार होते.

हा पडदा नेमका कोठे असावा, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. पावडरच्या डबीतील छोटा आरसा चिलखताच्या ज्या भागावर चमक हवी त्या भागाला चिकटवावा आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून त्यात पाहावे. आरशात खोलीचा जो भाग दिसेल, तेथेच पांढरा पडदा यायला हवा. चमक नको असेल तर त्याच जागी काळा कागद धरावा. ही साधी युक्ती अनेक तासांची धडपड वाचवते.

चित्रपटसृष्टीने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले होते. जॉन बूरमन यांच्या १९८१ च्या 'एक्सकॅलिबर' या चित्रपटात सरदारांची चिलखते लखलखीत अॅल्युमिनियमची होती. छायालेखक अॅलेक्स थॉमसन यांनी त्यांवर हिरवा प्रकाश टाकून रानातली गूढता पत्र्यावर उतरवली. रंग चिलखताला दिलेला नव्हता, तो चिलखताने प्रकाशातून उचलला होता. याउलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रत्रयीसाठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने प्लॅस्टिकच्या नळीचे काप करून, त्या कड्या हातांनी गुंफून साखळी-चिलखते तयार केली. ती पडद्यावर अस्सल पोलादी वाटतात. प्रकाश योग्य असेल तर प्लॅस्टिकही पोलाद होते आणि अयोग्य असेल तर पोलादही प्लॅस्टिक दिसते, हाच यातला धडा.

तीन पदार्थ, तीन स्वभाव

सर्व चिलखतांना एकच प्रकाश मानवत नाही. फोमच्या चिलखतावरची धातूची झाक ही रंगाची करामत असते. काळ्या थरावर रुपेरी रंगाचा जवळजवळ कोरडा कुंचला फिरवून कडा उजळल्या जातात, आणि खाचांत काळसर पातळ रंग मुरवून जुनेपणा आणला जातो. रुपेरी रंगात चमकदार सूक्ष्म कण असतात आणि प्रकाशाचा कोन बदलला की त्यांची चमक बदलते. अशा कामाला बाजूने, पृष्ठभागाला घासून जाणारा प्रकाश खुलवतो. ठोक्यांच्या खुणा, कोरीव रेषा, खोट्या रिव्हेटांचे उंचवटे त्यात उठून दिसतात. मात्र हाच प्रकाश निष्ठुरही असतो, कारण फोमच्या तुकड्यांचे सांधे आणि सुटलेल्या गोंदाचे धागेही तो लपवत नाही. म्हणून आधी टॉर्च तिरपी धरून सारे चिलखत तपासावे आणि डागडुजी करूनच छायाचित्रणाला बसावे.

चामडे प्रकाश शोषते, परंतु त्यावरचे वॉर्निश परावर्तित करते. तेथे लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर उपयोगी पडतो. तो फिरवला की वॉर्निशवरची पांढुरकी तिरीप कमी होते आणि चामड्याचा मूळ रंग गडद होऊन समोर येतो. रंगवलेल्या फोमवरील चकाकीलाही तो आवर घालतो. उघड्या धातूच्या बाबतीत मात्र त्याचा भरवसा धरू नये. धातूवरून परतणारा प्रकाश फारसा ध्रुवीत होत नसल्याने फिल्टर कितीही फिरवला तरी चमक जवळपास तशीच राहते. तेथे पडद्याची आणि काळ्या कागदाची जागा बदलणे हाच खरा इलाज.

पोलादी चिलखताला आणखी एक पथ्य आहे. बोटांच्या घामातील क्षार त्यावर ठसे उमटवतात आणि आपल्या दमट हवेत त्या ठशांवर गंज चढायला वेळ लागत नाही. सुती हातमोजे घालूनच ते हाताळावे, काम संपल्यावर तेलाचा पातळ हात द्यावा. लेन्सच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

दहा बाय बाराची खोली

स्टुडिओ म्हटले की प्रशस्त दालन डोळ्यांपुढे येते. पण आपल्या सदनिकेतील दहा बाय बारा फुटांची खोलीही या कामाला पुरते. पलंग उभा करून भिंतीला टेकवावा, पडदे ओढावेत आणि घरातील सर्व दिवे बंद करावेत. पार्श्वभूमीचा पडदा अरुंद भिंतीशी लावावा, चिलखत त्यापासून चार फूट पुढे ठेवावे. समोरच्या भिंतीकडून कॅमेऱ्याला सुमारे सात फुटांचे अंतर मिळते. छाती आणि खांदे यांच्या चित्राला ते पुरेसे आहे. पायांपर्यंतचे पूर्ण चिलखत टिपायचे असेल तर दार उघडून कॅमेरा पॅसेजमध्ये न्यावा. जवळून रुंद लेन्सने घेतलेल्या चित्रात छाती फुगते आणि पाय खुजे दिसतात. हा दोष लेन्सचा कमी आणि अंतराचा अधिक असतो.

पार्श्वभूमीसाठी राखाडी किंवा काळे, न चमकणारे कापड घ्यावे. काळी मखमल सर्वांत उत्तम, कारण ती प्रकाश जवळजवळ गिळून टाकते. सुटे शिरस्त्राण किंवा हातमोजे टिपायचे असतील तर मोठा कागद भिंतीवरून टेबलापर्यंत गोलाईने सोडावा. भिंत आणि टेबल यांमधली रेषा त्यामुळे नाहीशी होते.

चिलखत लोंबकळत ठेवले तर ते निर्जीव दिसते, म्हणून त्याला शरीर हवे. कापड दुकानात वापरतात तसा जुना पुतळा मिळाला तर उत्तम. नसल्यास लाकडी स्टँडला जुन्या उशा आणि वर्तमानपत्रांचे बोळे बांधून धड तयार करता येते. दंडातही बोळे भरावेत, शिरस्त्राणाच्या आत काळे कापड कोंबावे, म्हणजे डोळ्यांच्या खाचांतून पलीकडची भिंत दिसत नाही. हाताचे कवच अधांतरी धरायचे असेल तर मासेमारीचा तंगूस कामी येतो. चित्रात तो जवळजवळ दिसत नाही आणि दिसलाच तर नंतर पुसता येतो.

पांढऱ्या पडद्याची चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणि कोपऱ्याचे एल्बो जोडून कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानातील सामानातून उभी राहते. त्यावर पांढरी मलमल किंवा ट्रेसिंग पेपर ताणावा. चार फूट बाय सहा फुटांची अशी एक चौकट असली की बरेचसे काम भागते. उलट बाजूने प्रकाश परतवण्यासाठी पांढरा सनबोर्ड घ्यावा. २०१८ मधील राज्यातील बंदीपासून सजावटीच्या थर्मोकोलवर निर्बंध आले असले, तरी फ्रिजच्या खोक्यातून घरी आलेला थर्मोकोलचा तुकडा टाकून देण्यापेक्षा या कामी लावणे शहाणपणाचे.

दिवा कोणता?

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुंदर दिवा म्हणजे खिडकी. पावसाळ्यातले ढगाळ आकाश हा निसर्गाने ताणलेला अफाट पांढरा पडदाच असतो. खिडकीला मलमल लावली आणि चिलखत तिच्या बाजूला ठेवले, तर एकाच परतवणी फलकात उत्तम चित्र मिळू शकते. अडचण एवढीच, की ढग हलतात आणि प्रकाश बदलतो. दहा भागांचे सारखे चित्रण करायचे असेल तर कृत्रिम दिवाच बरा.

अशा वेळी एलईडी दिवे निवडावेत आणि त्यामागचे कारण केवळ वीजबचतीचे नाही. हॅलोजन प्रचंड तापतो. चिलखतांसाठी वापरले जाणारे वर्ब्लासारखे थर्मोप्लास्टिक नव्वद अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होते, तर फोमला जोडणारा गोंद त्याहून कमी उष्णतेतही ढिला पडू शकतो. हॅलोजन जवळ ठेवून केलेले छायाचित्रण हे त्या चिलखताचे शेवटचे ठरू नये! हॅलोजनला चिकटवलेला जिलेटीन कागद किंवा त्याच्या लगत ताणलेली मलमल पेट घेऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

एलईडी घेताना वेष्टनावरील दोन आकडे पाहावेत. पहिला रंगतापमानाचा. पिवळसर दिवा २७०० केल्व्हिनचा, तर आपल्याकडे सर्रास मिळणारा पांढरा दिवा ६५०० केल्व्हिनचा असतो. कोणताही चालतो, मात्र दोन्ही एकत्र नकोत, नाहीतर चिलखताची एक बाजू पितळी आणि दुसरी निळसर दिसेल. दुसरा आकडा रंगनिष्ठेचा, म्हणजे सीआरआय. तो ९० च्या वर असावा, अन्यथा तांब्याची आणि चामड्याची तांबूस छटा मलूल होते.

आणखी एक बारकावा. आपल्या घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु शटर फार वेगवान असेल तर चित्रात काळे आडवे पट्टे येतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर किंवा त्याहून संथ ठेवले की हा उपद्रव टळतो. कॅमेरा तिपाईवर असल्याने संथ शटरची भीती बाळगण्याचे कारण नाही.

एकेक दिवा, एकेक पाऊल

सारे दिवे एकदम लावण्याचा मोह टाळावा. प्रथम मुख्य दिवा, पांढऱ्या पडद्यामागे, चिलखताच्या एका बाजूला आणि किंचित वर. पडदा जितका जवळ, तितका तो चिलखताच्या दृष्टीने मोठा आणि प्रकाश तितका मऊ. दिव्याचा झोत पडद्याच्या मधोमध टाकावा, म्हणजे पडदा मध्यभागी उजळ आणि कडांना अंधूक होतो. हाच चढउतार पत्र्यावर गोलाईचा आभास निर्माण करतो. संपूर्ण पडदा एकसारखा उजळला तर धातू सपाट, रंग फासल्यासारखा दिसतो.

अंतराचे गणितही लक्षात घ्यावे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश ढोबळमानाने चतुर्थांश होतो. पडदा चिलखतापासून तीन फुटांवर आणि पार्श्वभूमी पडद्यापासून सहा फुटांवर असेल, तर पार्श्वभूमीवर एक चतुर्थांशच प्रकाश पोहोचतो. राखाडी कापड आपोआप गडद होते आणि चिलखत पुढे येते. खोली लहान असूनही खोलीचा आभास होतो, तो असा.

दुसरे पाऊल म्हणजे अंधाराचे. धातूला उजेडाइतकीच काळोखाची गरज असते. चिलखताच्या दुसऱ्या बाजूला काळा कार्डशीट उभा केला की त्याचे प्रतिबिंब पत्र्याच्या कडेवर गडद रेघ ओढते आणि आकार ठसठशीत होतो. अनेकांच्या चित्रात नेमकी हीच रेघ नसते आणि काहीतरी उणे आहे असे वाटत राहते.

तिसरे पाऊल कडेच्या प्रकाशाचे. चिलखताच्या मागे, चौकटीबाहेर, एखादा अरुंद दिवा ठेवला की खांद्याची आणि शिरस्त्राणाची कड रुपेरी उजळते. त्यासाठी दिव्यापुढे काळा कागद लावून त्यात वीतभर रुंदीची उभी फट ठेवावी. काळ्या पार्श्वभूमीवर ही एक रेघही संपूर्ण आकृती उभी करते. वातावरण हवे असेल तर या दिव्याला गणपतीच्या सजावटीतला निळा किंवा नारिंगी जिलेटीन कागद लावावा, अर्थात दिवा एलईडी असेल तरच.

प्रत्येक पाऊल टाकल्यावर एक चित्र घेऊन पाहावे. दिवा वाढवल्याने चित्र सुधारले नाही, तर तो दिवा काढून टाकावा.

कॅमेऱ्याचा हिशेब

मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७० ते १०० मिलिमीटर, लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स योग्य ठरते. आयएसओ १००, छिद्रमान एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. याहून लहान छिद्र घेतल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे बारीक नक्षी मवाळ होऊ लागते. मोबाइलने चित्र घ्यायचे असेल तर जवळ जाऊ नये. दूर उभे राहून दुप्पट किंवा तिप्पट भिंगाचा पर्याय निवडावा आणि मोबाइलही तिपाईलाच लावावा.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक सारे जग मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरचे काळे चिलखत तो राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर एक पायरीने उतरवले की काळा काळा राहतो. उलट पांढऱ्या पार्श्वभूमीला एक-दीड पायरी वाढवावी लागते. चमकत्या कडा पूर्ण पांढऱ्या फटक होत नाहीत ना, हे हिस्टोग्रामवर पाहावे. एकदा गेलेला तपशील नंतर संगणकावर परत येत नाही.

माणूस आत असताना

पुतळ्यावरचे चित्र कारागिरी दाखवते, अंगावरचे चित्र कथा सांगते. दोन्ही हवीत. शिरस्त्राणाच्या कडेमुळे चेहऱ्यावर गडद सावली पडते आणि डोळे हरवतात. कमरेच्या उंचीवर, चौकटीच्या खाली पांढरा सनबोर्ड आडवा धरला की डोळ्यांत पुन्हा जीव येतो. परिधान करणाऱ्यास दर वीस-पंचवीस मिनिटांनी चिलखत उतरवून पाणी प्यायला द्यावे. फोम उष्णता अडवतो, आणि बंद खोलीत पंखाही नसताना घेरी येण्यास वेळ लागत नाही.

प्रामाणिकपणाची रेषा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रकाशाच्या जोरावर फोमला पोलाद भासवता येते, मग तसे भासवावे का? कथाचित्रात जरूर भासवावे, तेथे तोच तर खेळ आहे. परंतु ग्राहकाला किंवा परीक्षकाला पाठवायच्या चित्रांचा धर्म वेगळा आहे. तेथे समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि आतून असे सर्व दर्शन हवे. पट्टे, बकल, सांधे यांची जवळून घेतलेली चित्रे हवीत. एका चित्रात मोजपट्टी हवी, आणि वजन व साहित्य स्पष्ट लिहिलेले हवे. धूळ, तंगूस किंवा पार्श्वभूमीवरची सुरकुती संगणकावर पुसणे रास्त आहे. सुटलेला सांधा किंवा तडकलेला रंग पुसणे ही मात्र फसवणूक होय. हाताने घडवलेल्या वस्तूचा बाजार विश्वासावर चालतो आणि एका खोट्या चित्राची किंमत त्या कारागिराबरोबर त्याच्यासारख्या इतरांनाही मोजावी लागते.

विशेष म्हणजे हातकामाच्या लहानसहान खुणा प्रामाणिकपणे दाखवल्याने काम उणे ठरत नाही. किंचित वाकडी गेलेली शिवण, हातोडीचा एखादा खोल ठोका, कुंचल्याचा ओघ, हे सारे यंत्राने ओतलेल्या प्लॅस्टिकवर सापडत नाही. जाणता ग्राहक त्याच खुणा शोधत असतो. चांगला प्रकाश त्या खुणा नेमक्या दाखवतो, आणि चार फुटांची मलमल व एक काळा कागद यांवर तो कोणत्याही घरात मिळवता येतो.